गाडीआधी फाइल दाखवा

डोंबिवली (पूर्व)
१४ डिसेंबर २०२५

ती. वहिनींस,


परवा फोनवर तुम्ही दादाची पद्मिनी द्यायची ठरवल्याचं सांगितलंत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दादाच्या माघारी तिला दर रविवारी सुरू करणारं घरात कुणी नाही, मुलं बाहेरगावी आणि सोसायटीत पार्किंगची ओरड. उभी गाडी आतून सडत जाते. जाणत्या माणसाच्या हाती ती गेली तर तिचं भलंच होईल. तुमचे दोन प्रश्न मात्र फोनवर उरकण्यासारखे नव्हते. बघायला येणारा माणूस 'गाडी खरी कशावरून?' म्हणाला तर त्याच्यापुढे काय ठेवायचं? आणि दलाल सांगतो तसा आधी रंग मारून घ्यायचा का? मी सारी नोकरी विम्याचा मोटार सर्व्हेअर म्हणून केली, त्यामुळे याचं उत्तर सविस्तर द्यावं असं वाटलं.

रंगाचं आधी सांगतो. ब्रशसुद्धा लावू देऊ नका. जुन्या गाड्यांच्या शौकिनाला नवा रंग दिसला की पहिली शंका येते ती खाली काय दडवलंय याची. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी थापून वर रंग मारला की महिनाभर गाडी नवरीसारखी दिसते. म्हणून असा माणूस खिशात लोहचुंबक घेऊन येतो आणि चाकांवरच्या कमानी, दरवाजांच्या खालच्या कडा, पायाखालचा पत्रा असा फिरवत जातो. जिथे पुट्टीचा थर जाड, तिथे चुंबक धरत नाही. आपल्या गाडीला मागच्या डाव्या कमानीवर थोडा गंज आहे. तो त्याला दिसू द्या. दिसणाऱ्या गंजाची किंमत ठरवता येते, झाकलेल्याची येत नाही. न ठरवता येणाऱ्या गोष्टीसाठी गिऱ्हाईक नेहमी जास्तच रक्कम कापतं.

आता मुख्य प्रश्न. ही गाडी नोव्हेंबर १९७४ मध्ये मुंबईत नोंदली गेली. हेच मॉडेल आधी फियाट ११००, मग थोडा काळ प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकलं जाऊ लागलं. म्हणजे दादाची गाडी 'पद्मिनी' नावाच्या पहिल्या काही गाड्यांतली आहे आणि तिने पन्नाशी ओलांडली आहे. याला व्यवहारात मोठा अर्थ आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत जी भर घातली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. गेल्या वर्षापासून पहिल्या पद्मिन्या या वयात यायला लागल्या. त्यातच २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी गेली. रस्त्यावरून गेलेली वस्तू लोकांना घरात हवीशी होते. मागणी वाढली की खोटंही वाढतं. म्हणून बघायला येणाऱ्याच्या प्रश्नाचा राग मानू नका. तो विचारतोय तेच बरोबर आहे.

परदेशात या प्रश्नाचं निम्मं उत्तर कारखानाच देतो. पोर्शेची किंवा जग्वारची जुनी गाडी असली तर चासी नंबर कळवून, शुल्क भरून कंपनीच्या किंवा तिच्या वारसा संस्थेच्या दप्तरातून दाखला मिळतो: गाडी कधी बनली, कोणत्या नंबरच्या इंजिनाने बाहेर पडली, रंग कोणता होता. फेरारीने तर या कामासाठी वेगळा विभागच काढला आहे. आपल्या पद्मिनीला असा दाखला देणारा कारखाना उरलेला नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी निघाल्या. आमच्या कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कारखान्यात नव्वदच्या दशकाच्या मध्यावर फ्रेंच कंपनीबरोबर प्यूजो ३०९ बनू लागली, आणि दोन-चार वर्षांत तो संसारही मोडला. डोंबिवलीत आज 'प्रीमियर ग्राउंड' हे नाव लोकांच्या तोंडी आहे, कारखाना नाही. त्या प्यूजो आता तीस वर्षांच्या होताहेत. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' तिशी ओलांडलेल्या, नीट राखलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहन मानते. म्हणजे डोंबिवलीत बनलेली गाडीही संग्राह्य व्हायच्या उंबरठ्यावर आहे आणि तिचा दाखला मागायला जायचं कुठे, हा प्रश्न तिच्या मालकांपुढेही येणार. कारखाना गेला की त्याची स्मृती मालकांच्या कपाटात उरते. दादाची ती निळी फाइल म्हणजे या एका गाडीपुरतं प्रीमियरचं दप्तर आहे. वहिनी, गाडी दाखवण्याआधी फाइल दाखवा.

गिऱ्हाइकाला नेमकी भीती कशाची असते ते सांगतो, म्हणजे काय दाखवायचं हे आपोआप कळेल.

पहिली भीती, कागद एका गाडीचे आणि पत्रा दुसऱ्या गाडीचा. भंगारात गेलेल्या गाडीचं आरसी बुक कुणीतरी राखून ठेवतं आणि बेवारशी किंवा चोरीच्या गाडीवर तो नंबर चढवतं. याची तपासणी डोळ्यांदेखत करून द्या. चासीवर कोरलेला नंबर चिंधीने पुसा, वर पातळ कागद चिकटपट्टीने ताणून बसवा आणि बोथट शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. आरटीओत ही पेन्सिल प्रिंट फॉर्मवर लागतेच. कागद काळा होत जातो आणि आकडे पांढरे उमटतात. मग ते भिंगाखाली बघायचे. कारखान्यातल्या ठशांची खोली सारखी असते, आकडे एका ओळीत असतात. नंतर ठोकलेला आकडा थोडा वाकडा बसतो, किंवा आधीचा आकडा घासून काढल्याचे आडवे ओरखडे कागदावर उतरतात. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट पेन्सिल दाखवते. बॉनेटखालच्या कंपनीच्या पाटीचे रिव्हेटही बघण्यासारखे असतात. पाटी पन्नास वर्षांची आणि रिव्हेट चकचकीत असतील तर पाटी कुणीतरी काढली होती असं समजायचं. आपल्या गाडीत दोन्ही सारखेच कळकटलेले आहेत. ते घासूनपुसून लख्ख करण्याच्या भानगडीत पडू नका.

दुसरी भीती, टॅक्सीची खासगी केलेली गाडी. टॅक्सी असण्यात कमीपणा नाही, पण ती लाखो किलोमीटर धावलेली असते आणि 'एका कुटुंबाने जपलेली' म्हणून विकणं ही लबाडी आहे. मुंबईच्या टॅक्सीला मीटर बाहेरून, बॉनेटच्या डाव्या बाजूला बसवलेलं असायचं. तिथली भोकं बुजवली तरी पत्र्याच्या आतल्या अंगाला कळतात. दरवाजाचं रबर थोडं सोडवलं की खालून टपाचा पिवळा किंवा अंगाचा काळा रंग डोकावतो. आपल्या गाडीचं रबर सोडवलं तर फिकट निळा दिसेल. तोच तिचा मूळ रंग. डॅशबोर्डखाली आणि मागच्या सीटखालीही तो तसाच आहे. दादाने १९९० मध्ये ती पांढरी करून घेतली, त्याची नोंद आरसी बुकात आहे.

तिसरी भीती, सांधून बनवलेली गाडी. दोन-तीन मेलेल्या पद्मिन्यांचे भाग जमवून एक उभी करायची आणि 'सगळं ओरिजिनल' म्हणून जाहिरात द्यायची. इथे पत्रा बघून फारसं कळत नाही. इथे फाइल बोलते.

फाइल कशी लावायची ते सांगतो. आपल्याकडे जुना फ्लॅट घेताना पहिल्या बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतच्या करारांची साखळी वकील मागतो. त्यातला एक करार गायब असला तर बँक कर्ज देत नाही. गाडीचंही तसंच. आणि नुसता शिक्का पुरेसा नसतो, हे कल्याण-डोंबिवलीत आता कुणाला समजावून सांगायला नको. महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर इथल्या ६५ इमारतींनी रेराची नोंदणी मिळवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला, तेव्हा आयुष्याची पुंजी लावलेली माणसं उघड्यावर यायची वेळ आली. कागद खरा आहे की नाही, हे त्याच्या मागच्या-पुढच्या कागदांशी तो जुळतो की नाही यावर ठरतं. एकटा कागद बनवता येतो. चाळीस वर्षांत, चाळीस हातांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिलेले कागद एकमेकांशी जुळवून बनवणं जवळपास अशक्य आहे.

म्हणून सगळ्यात वर जुनं आरसी बुक, मग गिरगावच्या डॉक्टरांनी दादाला १९८६ मध्ये दिलेली विक्रीची पावती. त्यानंतर विम्याच्या पॉलिसी वर्षवार. वहिनी, लोक मुदत संपली की पॉलिसी फेकून देतात, पण मी सर्व्हेअर म्हणून सांगतो, याच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. दर वर्षी एका तिऱ्हाईत कंपनीने चासी नंबर, इंजिन नंबर आणि मालकाचं नाव तारखेसकट छापून दिलेलं असतं. मग गॅरेजची बिलं. त्यांतल्या ज्यांवर किलोमीटर लिहिले आहेत त्यांना खूण करा, कारण आकडे चढत्या क्रमाने जात असतील तर मीटर फिरवलेलं नाही हे सिद्ध होतं. मग पीयूसीचे कागद, रीपासिंगच्या पावत्या, पर्यावरण कराच्या पावत्या. आणि अल्बममधला मुंजीचा तो फोटो. दारात मंडप, पुढे निळी पद्मिनी, नंबर स्पष्ट वाचता येतोय आणि मागे छापणाऱ्या स्टुडिओचा तारखेचा शिक्का. तो फोटो अल्बममधून काढू नका, स्कॅन करून दोन्ही बाजूंची प्रत फाइलला लावा. एचएसआरपी बसवल्यावर जुन्या नंबरपाट्या माळ्यावर टाकल्या असतील, त्याही काढून ठेवा. त्या गाडीबरोबर जायला हव्यात.

यानंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: कागद आहे, आठवण आहे, माहीत नाही. गाडीबद्दलची प्रत्येक गोष्ट यांतल्या एकाच रकान्यात जाईल.

१९९३ मध्ये इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला आणि दादाने दुसऱ्या पद्मिनीचं इंजिन बसवलं. तेच १०८९ सीसीचं, तोच प्रकार, पण नंबर वेगळा. बिल आहे, आरसी बुकात बदलाचा शिक्का आहे. पहिला रकाना. २६ जुलै २००५ च्या पुरात गाडी सीटपर्यंत पाण्यात होती आणि नंतर वायरिंग व सीट नवे केले. वायरिंगचं बिल आहे, सीटचं नाही. म्हणजे वायरिंग पहिल्या रकान्यात, सीट दुसऱ्यात. डॉक्टरांकडे असताना या गाडीतून एक नामांकित गायक मैफलीला जायचे, असं दादा रंगवून सांगायचा. त्याला ना फोटो, ना चिठ्ठी. तेही दुसऱ्या रकान्यात, आणि जाहिरातीत तर मुळीच नको. दलाल नेमकं हेच ठळक छापायला सांगेल, कारण मोठं नाव जोडलं की भाव चढतो. पुराव्याविना जोडलेलं नाव म्हणजे त्या गायकाच्या नावाचा गैरवापर आणि दादाच्या शब्दाचाही. डॉक्टरांच्या काळात मोठा अपघात झाला होता का, हे आपल्याला ठाऊक नाही. तिसरा रकाना, तसंच लिहा. ज्या माणसाने 'माहीत नाही' लिहून दिलं, त्याच्या 'माहीत आहे'वर विश्वास बसतो.

इंजिन बदललेलं आहे हे कळल्यावर गाडी खरी कशी म्हणायची, असं तुमच्या मनात येईल. 'मॅचिंग नंबर' म्हणजे मूळ चासीवर मूळ इंजिन, हा शौकिनांचा आवडता निकष आहे आणि त्यावर आपल्याला थोडी कमी किंमत मिळेल, ती मान्य करायची. पण खरेपणाचा तो एकमेव निकष नाही. १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयापुढे 'ओल्ड नंबर वन' नावाच्या बेंटलीचा खटला आला. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेली ही गाडी. एक कोटी पौंडांना सौदा ठरला आणि मग घेणाऱ्यांनी हात आखडता घेतला. शर्यतीतली गाडी ती, तिचे भाग वर्षानुवर्षं बदलत गेले होते, जिंकतेवेळचं फारच थोडं उरलं होतं, तेव्हा ही ती गाडीच नव्हे, असा त्यांचा दावा. न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडीचा बदलांचा इतिहास टप्प्याटप्प्याने तपासला आणि निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. भाग बदलले, पण गाडीची परंपरा कुठेही तुटली नाही, ती मोडून तिच्या जागी दुसरी उभी केली गेली नाही, म्हणून ती तीच गाडी. वहिनी, दादाच्या गाडीबद्दल आपल्याला हेच सांगता येतं, आणि ते कागदांनिशी सांगता येतं. बदल झाला याने गाडी खोटी ठरत नाही. बदल लपवल्याने ठरते.

कायदाही याच अंगाने जातो. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं १५ वं कलम सांगतं की वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. जाहिरातीत 'सर्व ओरिजिनल' हे दोन शब्द टाकले की ती अट होऊन बसते आणि उद्या इंजिनाचा नंबर दाखवून माणूस पैसे परत मागू शकतो. तीन रकान्यांचा कागद विक्रीच्या करारनाम्याला जोडा, त्यावर दोघांच्या सह्या घ्या. त्याने गिऱ्हाइकाचं जेवढं रक्षण होईल तेवढंच तुमचंही होईल. या धंद्यात 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणणारे पुष्कळ भेटतील. माझा अनुभव असा की मूठ उघडणाऱ्यालाच सव्वा लाख मिळतात, आणि ते परत करावे लागत नाहीत.

या सगळ्याआधी एक काम ठाणे आरटीओत करायचं आहे. गाडी अजून दादाच्या नावावर आहे, आणि दिवंगत माणसाच्या सहीचे कोरे फॉर्म चालवून घेतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि मुलांची संमती जोडून आधी तुमचं नाव लावून घ्या. मुदत तीन महिन्यांची असते, ती उलटली आहे, तेव्हा दंड भरावा लागेल, तो भरू. जुनी नोंद ऑनलाइन 'वाहन' प्रणालीत आहे की नाही तेही तेव्हाच पाहू. नसेल तर बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागेल, कारण आजचं गिऱ्हाईक पहिल्यांदा मोबाइलवर नंबर टाकून बघतं आणि तिथे काही आलं नाही की पुढे बोलतच नाही.

विक्री झाली की फॉर्म २९ आणि ३०. हस्तांतराची खबर विकणाऱ्याने चौदा दिवसांत द्यायची असते. 'घेणारा करून घेईल' यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक. गाडी चार हात फिरली तरी अपघाताची भरपाई दप्तरातल्या मालकावर येते. नाव बदलल्याची नोंद डोळ्यांनी बघेपर्यंत व्यवहार पुरा झाला असं धरू नका.

व्हिंटेजची नोंदणी तुम्ही करून देऊ नका, ती घेणाऱ्यावर सोडा. तिचं शुल्क नव्या नोंदणीला ₹२०,००० आणि पुनर्नोंदणीला ₹५,००० आहे, आणि एकदा ती झाली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच. काहींना ते हवं असतं, काहींना रविवारी येऊरपर्यंत चक्कर मारायची असते. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर कायम ठेवता येतो, तेव्हा तिचा तीन अक्षरी मुंबईचा नंबर जाणार नाही, हे मात्र आवर्जून सांगा. बदललेल्या इंजिनाचा प्रश्न त्या वेळी नोंदणी अधिकारी ठरवेल. आपण नोंद पुढे ठेवायची, खात्री द्यायची नाही.

थोडी सावधगिरीही हवी. आरसी बुकाचे किंवा चासी नंबरचे फोटो कुणालाही व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, त्यावरूनच दुसऱ्या गाडीला हा नंबर चढतो. घरी येऊन फाइल चाळू द्या, हवा तेवढा वेळ बसू द्या. झेरॉक्स द्यावीच लागली तर वर आडवी रेघ मारून तारीख आणि 'फक्त पाहणीसाठी' असं लिहा. मूळ कागद पैसे खात्यात जमा झाल्यावरच.

आणि ते तेव्हा सगळेच्या सगळे द्या, वहिनी. पॉलिसी, बिलं, दादाची पेट्रोलची वही, पाट्या, तीन रकान्यांचा कागद. आपल्याकडे स्कॅन राहू दे. फाइल घरात ठेवून नुसती गाडी दिली तर पुढच्या माणसाला ती सिद्ध करता येणार नाही आणि त्याच्या पुढच्याला तर अजिबात नाही. ज्या गाडीचा कारखाना नाही, दप्तर नाही, तिचा इतिहास तिच्या मालकांनी एकमेकांच्या हाती देत नेला तरच टिकतो. डॉक्टरांनी दादाला दिला, दादाने जपला, आता देण्याची पाळी तुमची. जो माणूस फाइल घेताना गाडीइतकाच खूष होईल, त्याला दोन पैसे कमी घेऊनही द्या. आणि जो म्हणेल 'कागदांचं काय एवढं, गाडी चालते ना?' त्याने जास्त देऊ केले तरी देऊ नका.

येत्या शनिवारी सकाळच्या लोकलने येतो. भिंग, पातळ कागद आणि पेन्सिल मी आणतो. फॉर्म ३१ आणि मुलांच्या संमतीचा मसुदाही तयार करून आणतो, म्हणजे नाताळात मुलं आली की सह्या उरकतील. तुम्ही तेवढी निळी फाइल काढून पॉलिसी वर्षवार लावून ठेवा. एखादं वर्ष सापडलं नाही तर शोधत बसू नका, तिथे कोरा कागद ठेवून वर्ष लिहा.

मुलांना आशीर्वाद. प्रकृतीला जपा.

आपला,
भाऊजी